ताटाखालची पाच डॉलरची नोट

पत्र थोडक्यात: ‘मी धुळे जिल्ह्यातली, वय ५७. घरची शेती, कापूस आणि पपई. मागच्या वर्षी आम्ही दोघं पहिल्यांदाच मुलाकडे डॅलसला गेलो होतो. परतायच्या आदल्या दिवशी ह्यांनी हट्टाने सगळ्यांना बाहेर जेवायला नेलं, बिल मीच देणार म्हणाले. जेवण १२० डॉलरचं, कर धरून १३०. ह्यांनी पैसे दिले आणि वर पाच डॉलरची नोट ताटाखाली ठेवली. बाहेर पडताना मुलगा मागे फिरला आणि त्याने गुपचूप आणखी वीस डॉलर ठेवले. मी पाहिलं, पण गप्प बसले. गाडीत नातीनेच सांगून टाकलं, “आजोबा, बाबांनी ट्वेंटी ठेवले.” तेव्हापासून बापलेकांचं बोलणं “जेवलास का, झोपलास का” एवढ्यावर आलंय. हे म्हणतात, पोराने मला कंजूष ठरवलं. मुलगा म्हणतो, त्या वाढणाऱ्या मुलीसमोर मला लाज वाटली. आता मे महिन्यात आम्ही चार जोडपी दहा दिवस युरोपला निघालोय. सहलीच्या पैशांखेरीज टूर कंपनीने माणशी रोज ३ युरो टिप वेगळी मागितली आहे. ह्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलंय, “इतला पैसा कसाले देवाना? एक सेंट देणार नाही.” हिशोब माझ्याकडे आहे. मुलाने केलं तसं मीही गुपचूप देऊन टाकू का? ह्यांचा स्वभाव कंजूष नाही हो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदाराच्या (सालाने ठेवलेल्या गड्याच्या) अख्ख्या घराला कपडे घेतात.’

ताई,

पत्रातलं शेवटचं वाक्य तुम्ही नवऱ्याची बाजू सावरायला म्हणून लिहिलंत, पण माझं अर्धं काम त्यानेच केलं. तुम्हाला ताई म्हटलं म्हणजे ते माझे दाजी झाले, तेव्हा मी त्यांना दाजीच म्हणते.

आखाजीला सालदाराचा हिशोब होतो. वर्षाची ठरलेली रक्कम, मधे घेतलेली उचल, खाडे, सगळं मांडून बाकी हातावर ठेवली की व्यवहार संपला. कपडे त्या हिशोबात कुठेच लिहिलेले नसतात. तरी समजा, एखाद्या वर्षी दाजींनी फक्त पैसे मोजले आणि कपड्यांचं नावच काढलं नाही. सालदार तोंडाने काही बोलणार नाही. पण संध्याकाळपर्यंत पारावर विषय निघेल, आणि पुढच्या वर्षी तो दुसऱ्याच्या वावरात दिसेल. आता हाच हिशोब करायला डॅलसचा एखादा पाहुणा बसवा. तो रक्कम चोख मोजेल, हात मिळवेल आणि आपण फार नीट वागलो असं समजून उठेल. त्याला कंजूष म्हणाल का? त्याला इथली रीत ठाऊक नव्हती, एवढंच. दाजींचं डॅलसला नेमकं हेच झालं.

तिथली रीत काय आहे ते सांगते, कारण मुलाने ती कधी समजावून सांगितली असेल असं तुमच्या पत्रावरून वाटत नाही. ज्यांना टिप मिळते अशा कामगारांना मालकाने तासाला किमान २.१३ डॉलर द्यावेत, असा अमेरिकेचा केंद्रीय नियम आहे. हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. इतर कामगारांसाठी किमान वेतन ७.२५ डॉलर आहे, तेही २००९ पासून तेवढंच. मधली तूट गिऱ्हाइकाच्या टिपेतून भरून निघावी अशी ही व्यवस्था आहे. टिप कमी पडली तर फरक मालकाने भरायचा असतो, पण तो फक्त ७.२५ पर्यंतचा. सगळ्या राज्यांत असं नाही. कॅलिफोर्नियात वाढणाऱ्यालाही पूर्ण किमान वेतन मिळतं. टेक्सासमध्ये मात्र २.१३ चालतं आणि डॅलस टेक्सासमध्ये आहे.

म्हणजे त्या मुलीचा पगार तुमच्या टेबलावरून जायचा होता. आपल्याकडे जुन्या काळी न्हावी, सुतार, लोहार यांना वर्षभराच्या कामाचे पैसे कोणी देत नसे. खळ्यावर धान्य आलं की ते आपला वाटा घेऊन जात. ते बलुतं म्हणजे बक्षीस नव्हतं, तो त्यांचा हक्क होता. अमेरिकेतला वेटर हा थोडाफार असा बलुतेदार आहे. खळ्यावर पायली मोजून द्यायच्या जागी कोणी मूठभर ज्वारी हातावर ठेवून ‘खूश ना?’ म्हणून विचारलं, तर बलुतेदाराला काय वाटेल? आणि या पैशांतून ती मुलगी ताटं उचलणाऱ्या पोराला, कधी बारवरच्या माणसालाही वाटा देते. पाच डॉलर एकटीच्या वाट्यालाही येत नाहीत.

पण ताई, दाजींना राग आला तो अगदीच बिनबुडाचा होता, असं मी म्हणणार नाही. बलुत्याची दुसरी बाजू तुम्हाला मला दोघींना माहीत आहे. पोट देणाऱ्याच्या मर्जीवर असलं की मान खाली घालून बोलावं लागतं, आणि कोणाची मान कायम खाली राहायची हेही आधीच ठरलेलं असतं. अमेरिकेतल्या टिपेचा इतिहास असाच आहे. तिथलं यादवी युद्ध संपल्यावर गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांना हॉटेलांत आणि रेल्वेच्या पुलमन नावाच्या झोपायच्या डब्यांत कामं मिळाली. पगार नावापुरता, बाकी प्रवाशांच्या टिपेवर. त्या डब्यांतल्या हमालांनी १९२५ साली आपली संघटना काढली. त्याच्याही आधी, १९०९ मध्ये, वॉशिंग्टन राज्याने टिप देण्याघेण्यावर कायद्याने बंदी घातली होती, मग आणखी काही राज्यांनीही घातली. लोकशाहीत एकाने दुसऱ्यापुढे हात पसरावा हे शोभत नाही, असं तेव्हा तिथले लोक म्हणत. १९२६ पर्यंत हे सगळे कायदे गेले. म्हणजे दाजींच्या मताची माणसं अमेरिकेत शंभराहून जास्त वर्षांपूर्वी होती आणि कायदे करण्याइतकी होती. हे त्यांना जरूर सांगा, बरं वाटेल.

फक्त एक. व्यवस्था पटत नाही म्हणून टिप द्यायची नाही असं ठरवलं, तर झळ व्यवस्थेला लागत नाही. मालकाला १३० डॉलर पूर्ण मिळाले. कमी पडले ते तिला. हॉटेलात बसायचं ठरलं त्याच क्षणी जेवणाची खरी किंमत १२० नसून सुमारे १४५ अधिक कर होती. मेन्यूकार्डावर ती छापत नाहीत, हा त्यांचा लबाडपणा.

रुपयांचंही बोलून घेऊ. २५ डॉलर म्हणजे दोन हजारांच्या वर, हे तिथे कोणीतरी बोललं असणारच. आपण सगळे करतो, मी पहिल्या परदेशवारीत पाण्याच्या बाटलीचेही रुपये करत होते. पण टिपेचे रुपये करायचे तर जेवणाचेही करा. १२० डॉलर म्हणजे दहा हजारांच्या वर. ते दाजींनी हौसेने दिले. मग त्याचाच पाचवा-सहावा हिस्सा खुपला, तो आकडा मोठा म्हणून की त्याला ‘टिप’ म्हणतात म्हणून?

मला वाटतं, शब्दानेच घोटाळा केला. आपल्याकडे या देण्याला ‘चहापाणी’ म्हणतात. फ्रेंच लोक ‘पूरब्वार’ म्हणतात, म्हणजे पिण्यासाठी. जर्मनांचा ‘ट्रिंकगेल्ड’ म्हणजे पिण्याचे पैसे. रशियन तर थेट ‘ना चाय’ म्हणतात, चहासाठी. इजिप्तमध्ये ‘बक्षीश’, तो तर फारसीतून आलेला आपलाच शब्द. जगभर अर्थ एकच आहे. पण ‘चहापाणी’ शब्दाला आपल्याकडे दुसराही वास येतो. सातबाऱ्यावर नोंद लावायला, मोजणीची तारीख मिळवायला जो पैसा सरकवावा लागतो, त्यालाही आपण चहापाणीच म्हणतो. ज्या शेतकऱ्याने आयुष्यभर हे सोसलंय, त्याला कोणी बिलाच्या वर पैसे मागितले की टेबलाखालचा हात आठवणारच. दाजींना हा फरक दाखवा: कचेरीतलं चहापाणी काम होण्याआधी घेतात आणि दिलं नाही तर काम अडतं. टिप काम झाल्यावर द्यायची असते आणि उघड असते, अमेरिकेत तर छापील पावतीवर तिच्यासाठी वेगळी ओळ असते. (आणि हो, परदेशात पोलीस, इमिग्रेशन, कस्टम यांच्यापुढे चुकूनही नोट काढू नका. तिथे ती टिप होत नाही, गुन्हा होतो.)

आता युरोप. इथे दाजींचं बरंचसं म्हणणं बरोबर ठरेल, तेव्हा हा भाग त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

फ्रान्समध्ये मेन्यूवर लिहिलेल्या किमतीत सेवेचे पैसे धरलेलेच असतात, १९८७ पासून तसा नियमच आहे. स्वित्झर्लंडमध्ये हे १९७४ पासून चालत आलंय. वाढणाऱ्याला पगार मिळतो, टिपेवर त्याचं घर चालत नाही. जेवण आवडलं तर वरची चिल्लर ठेवावी, नाही ठेवली तरी कोणी वळून बघत नाही. इटलीत बिलावर ‘कोपेर्तो’ नावाची ओळ दिसेल, माणशी एक ते तीन युरो. तो टेबलासाठी आणि पावासाठी लावलेला आकार. ती टिप नव्हे आणि फसवणूकही नव्हे, त्यावरून भांडू नका. बिलावर ‘सेर्वित्सिओ’ असं वेगळं लावलेलं असेल तर वर काहीच द्यायचं नाही. जर्मनीत पाच ते दहा टक्के देतात, पण पद्धत निराळी: नोट ताटाखाली ठेवून उठायचं नाही. वाढणारा पैसे घ्यायला समोर उभा राहतो, तेव्हा बिलाच्या आकड्याऐवजी वरचा सोयीचा आकडा बोलायचा. तो तेवढे कापून बाकीचे परत देतो. मला हे माहीत नव्हतं. मी पन्नासची नोट देऊन सवयीने ‘थँक्यू’ म्हटलं, त्याने ‘बाकी ठेवा’ असा अर्थ घेतला आणि हसत निघून गेला. नऊ युरो गेले. माझ्या थँक्यूला इतका भाव पुन्हा कधी आला नाही.

एवढं सगळं असताना मग ते माणशी रोजचे ३ युरो कशाचे? ते हॉटेलातल्या वाढप्यांचे नाहीत. ग्रुप टूरमध्ये हा पैसा मुख्यतः बसचालक, गावोगावचे गाईड आणि सोबतचा टूर मॅनेजर यांच्यात वाटला जातो. आठ माणसं, दहा दिवस, म्हणजे तुमच्या गटाचे २४० युरो. आपल्या सहलीच्या जाहिराती आकडा कमी दिसावा म्हणून ही रक्कम बाहेर ठेवतात आणि अटींमध्ये बारीक अक्षरांत लिहितात. मला स्वतःला ही पद्धत मुळीच आवडत नाही. सक्तीची टिप ही टिप नसते, ती किंमतच असते, आणि किंमत पहिल्या पानावर लिहावी. म्हणून दाजींनी भांडायचंच असेल तर आत्ता, पैसे भरण्याआधी, इथल्या कार्यालयात भांडावं: हे पैसे कोणाकोणाला जातात, पावती मिळते का, सक्तीचे असतील तर दरात का धरले नाहीत? हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत. म्युनिकला बसच्या दारात उभं राहून चालकाशी भांडणं रास्त नाही, त्याने तुमची जाहिरात छापलेली नाही. आणि इथे एकदा कबूल करून पैसे भरले की तिथे बसमध्ये वेगळी टोपी फिरवायची गरज नाही. कोणी फिरवलीच तर ‘आमचे आधीच दिलेत’ म्हणायला संकोच करू नका.

चालकाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण मराठी ग्रुपमध्ये हे मी डोळ्यांनी पाहिलंय. उशीर झाला, एखादं ठिकाण राहिलं, की कोणीतरी पुढे होऊन म्हणतं, ‘त्याला वीस युरो सरकवा, नेईल तो.’ नाही नेणार. युरोपात बसचालकाला साधारण दिवसाला नऊच तास गाडी चालवता येते, आठवड्यात दोनदा फार तर दहा. साडेचार तास चालवल्यावर पाऊण तास थांबावंच लागतं. गाडीत यंत्र असतं, मिनिटामिनिटाची नोंद होते, दंड मोठा असतो. तिथे पैसे पुढे केले तर तो त्याला मदत समजत नाही, लाच समजतो, म्हणून घेतच नाही.

खाऊबद्दल विचारलं नाहीत, पण तुम्ही नेणार हे मला माहीत आहे. केळीचे वेफर्स चालकाला जरूर द्या, आमच्या चालकाने आख्खं पाकीट ऑस्ट्रियाची हद्द येईपर्यंत संपवलं होतं. पण पाकिटाच्या बदल्यात पाकीट नको. वेफर्स प्रेमाचे, युरो कामाचे.

बाकी किरकोळ. पाच-दहा युरोच्या नोटा इथूनच मागून घ्या, आपल्याकडे चलन बदलून देणारे मोठ्या नोटांवर भागवतात. पन्नास सेंटची आणि एक युरोची नाणी कायम पर्समध्ये ठेवा, वाटेतल्या स्वच्छतागृहांत लागतात. नाणी इथे परत आणून बदलून मिळत नाहीत, म्हणून शेवटच्या दिवशी संपवून टाका. आपले रुपये टिप म्हणून कोणाला देऊ नका, त्या माणसाला ते कुठेच चालवता येत नाहीत. पुन्हा डॅलसला गेलात तर टेबलावर बसून जेवल्यावर कर सोडून मूळ रकमेच्या १८ ते २० टक्के द्यावेत. त्याआधी बिल नीट वाचावं, कारण सहा-आठ माणसं असली की पुष्कळ ठिकाणी ‘ग्रॅच्युइटी’ म्हणजे टिप आधीच लावलेली असते आणि आपण दुसऱ्यांदा देतो. काउंटरवरून स्वतः कॉफी उचलून आणली असेल आणि पैसे घेणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर १८, २०, २५ टक्के असे आकडे नाचत असतील, तर ‘नो टिप’ दाबायला काही हरकत नाही. तिथले लोकही वैतागून तेच दाबतात. वाढणं अगदीच वाईट असेल तर पंधरा टक्के देऊन मॅनेजरला तोंडी सांगावं. काहीच न देता उठलं तर तक्रार कळत नाही, विसरले असं वाटतं.

इतर देशांना निघालेल्या वाचकांसाठीही दोन शब्द. लंडनमध्ये बिलावर बहुधा साडेबारा टक्के लावलेले असतात. ते ऐच्छिक असतात, नको असतील तर काढायला सांगता येतात, आणि ऑक्टोबर २०२४ पासून ते पैसे पूर्णपणे कामगारांनाच द्यावेत असा तिथे कायदा आहे. सिंगापूरला मेन्यूवर किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं दिसली की दहा टक्के सेवा आकार आणि वर कर लागणार असं समजावं, त्यावर आणखी काही देऊ नये. जपानमध्ये तर देऊच नका. वाढणारी मुलगी ‘तुमचे पैसे राहिले’ म्हणून रस्त्यापर्यंत धावत येते. आपल्या घरी सणाला जेवलेल्या पाहुण्याने उठताना ताटात शंभराची नोट ठेवली तर आपल्याला कसं वाटेल, तसंच त्यांना वाटतं. आणि आपल्या देशात हॉटेलवाल्याने बिलात सेवा आकार आपोआप लावू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय, दिल्ली उच्च न्यायालयानेही मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलंय. इथे दाजींनी खुशाल ‘एक पैसा देणार नाही’ म्हणावं, कायदा त्यांच्या बाजूने आहे.

आता तुमचा खरा प्रश्न. गुपचूप देऊन टाकू का?

नको. तुम्ही लिहिता की भांडण टिपेवरून झालं. मला तसं दिसत नाही. मुलगा जेवायला बसतानाच म्हणाला असता, ‘बाबा, इथे वर वीस-पंचवीस द्यावे लागतात, त्यावर त्यांचा पगार असतो,’ तर दाजी कुरकुरले असते आणि त्यांनी दिले असते. सालदाराच्या घराला कपडे घेणारा माणूस कोणाचा पगार बुडवणारा नसतो. लागलं ते पाठीमागून झालं म्हणून. शेवटच्या दिवशी हौसेने घातलेलं जेवण, आणि त्यात आपलं देणं अपुरं पडलं हे शेवटी नातीच्या तोंडून कळलं. मुलाचीही बाजू आहे. बापाला चारचौघांत चूक दाखवायची नाही म्हणूनच तो हळूच मागे फिरला असेल. ‘लाज वाटली’ हा शब्द पुढे वादात निघाला, आणि वादात निघालेले शब्द मी अर्धेच खरे धरते. तुम्ही आता तेच केलंत, तर चार जोडप्यांत कोणी ना कोणी नातीसारखं निघेलच. मग दाजींना दोन माणसांनी कंजूष ठरवलेलं असेल, आणि दुसरी घरची.

हिशोब तुमच्याकडे आहे ना, मग तो उघड्यावर मांडा. निघण्यापूर्वी आठही जणांना एकदा चहाला बोलवा. वहीत विमान, व्हिसा, विमा यांच्या खाली तशीच एक ओळ लिहा: चालक आणि गाईड, माणशी ३० युरो. ‘टिप’ शब्द लिहूच नका. दाजी तरीही नाही म्हणाले तर त्यांच्या वाट्याचे पैसे तुम्ही तुमच्याकडून घाला, पण त्यांच्यासमोर, सांगून. नवऱ्याशी उघड मतभेद असायला हरकत नाही, चाळीस वर्षांच्या संसारात आणखी एक.

आणि चहाच्या त्या दिवसाआधी, एखाद्या रविवारी, मुलाचा ‘जेवलात का’चा फोन येईल तेव्हा फोन दाजींच्या हातात द्या. त्यांना एकच प्रश्न विचारायला सांगा: म्युनिकला आम्ही दोघं जेवलो, बिल बेचाळीस युरो झालं, तर वाढणाऱ्याला किती आकडा सांगायचा? उत्तर पंचेचाळीस आहे. पण ते तुम्ही सांगू नका, मुलाला सांगू द्या.